उघडे दार, उंच उंबरठा

दिवाळी अंकातील समीक्षकाची कामे ठरून गेलेली आहेत. वर्षातील कादंबऱ्यांचा हिशेब मांडावा, एखाद्या कवीला जरा उशिरानेच का होईना पण न्याय द्यावा, आणि मराठी टीका कोठे चालली आहे याबद्दल चिंता व्यक्त करून फराळाच्या ताटाकडे वळावे. यंदा मी ज्या नियतकालिकाविषयी लिहिणार आहे त्यात कथा नाही, कविता नाही, व्यंगचित्र नाही. त्याला मुखपृष्ठावरची स्त्री नाही आणि आतल्या पानावरचे राशिभविष्यही नाही. आपल्यापैकी फारच थोड्यांनी ते पाहिले असेल. तरीही ते आपल्या बहुतेकांच्या घरातील एका माणसाविषयी असते. त्या माणसाच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो, आणि दिवाळीला घर भरले की सर्वांत आधी त्याच्या पाया पडण्याची आपली रीत आहे.

हे नियतकालिक माझ्या हाती कसे आले ते सांगावयास हवे. कारण त्यावाचून माझी टीका कोणत्या जागेवरून होत आहे हे वाचकांस कळणार नाही. गेल्या आषाढात माझी आई रात्री न्हाणीघराकडे जाताना पडली. वय वर्षे चौऱ्याऐंशी. हाड मोडले नाही, मनगट तेवढे मुरगळले. पण मनगट बरे झाल्यावरही ती पूर्वीसारखी हिंडेना. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालणे तिने सुनेवर सोपविले, खालच्या मजल्यावरच्या भजनाला जाणे सोडले. नागपूरला माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिने एक इंग्रजी लेख मोबाइलवर पाठविला आणि खाली लिहिले, "मामा, आजीसाठी हे वाच. पैसे पडत नाहीत."

आईने विचारले, "कुठल्या मासिकातलं आहे?"

मी म्हणालो, "बीएमसी जेरिॲट्रिक्स."

"म्युनिसिपालिटी मासिकही काढते का?"

मुंबईत जन्म गेलेल्या बाईने दुसरे काय समजावे? या बीएमसीचा आपल्या महापालिकेशी काही संबंध नाही. 'बायोमेड सेंट्रल' या लंडनच्या प्रकाशनसंस्थेचे ते संक्षिप्त नाव. जेरिॲट्रिक्स म्हणजे वार्धक्यवैद्यक. हा शब्द इग्नाट्झ नॅशर या न्यूयॉर्कच्या डॉक्टराने 1909 साली घडविला. योगायोग असा की त्याच 1909 साली का. र. मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. म्हातारपणाच्या वैद्यकाचे नाव आणि आपला दिवाळी अंक ही दोन्ही एका वयाची आहेत. तेव्हा एकाने दुसऱ्याची विचारपूस करण्यास हरकत नसावी.

'बीएमसी जेरिॲट्रिक्स' 2001 साली सुरू झाले. त्यामागची हकीकत थोडक्यात अशी. विज्ञानातील नियतकालिकांची प्रथा 1665 सालची. त्या वर्षी लंडनमध्ये हेन्री ओल्डनबर्ग याने रॉयल सोसायटीसाठी 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' सुरू केले. पुढे तीनएकशे वर्षे हा व्यवहार बहुधा विद्वत्सभांच्या हाती राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात व्यापारी प्रकाशक मोठ्या प्रमाणावर उतरले, आणि त्यांना एक विलक्षण गोष्ट उमगली. या धंद्यात लेखक मानधन मागत नाही. लेख तपासणारा पंडितही मोबदला मागत नाही. आणि गिऱ्हाईक म्हणजे ग्रंथालय. त्याला एक मासिक महाग झाले म्हणून त्याऐवजी दुसरे घेता येत नाही, कारण हवा असलेला लेख त्याच एका मासिकात असतो. वर्गण्या चढत गेल्या. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन सार्वजनिक पैशातूनच पुन्हा विकत घ्यावे लागू लागले, आणि ज्या रोग्यावर ते झाले त्याला तर ते पाहण्याचीही सोय उरली नाही.

या कोंडीवर विटेक ट्राझ नावाच्या प्रकाशकाने 2000 साली जो उपाय काढला तो म्हणजे बायोमेड सेंट्रल. लेख छापावयाचाच नाही, संगणकावर ठेवावयाचा; तो जगातील कोणीही विनामूल्य वाचावा; आणि खर्च वाचकाऐवजी लेखकाकडून घ्यावा. 2002 च्या फेब्रुवारीत बुडापेस्ट येथून निघालेल्या जाहीरनाम्याने या कल्पनेला तात्त्विक अधिष्ठान दिले. त्याच सुमारास बायोमेड सेंट्रलने लेखामागे 500 डॉलर आकारण्यास सुरुवात केली.

आपल्या मराठी नियतकालिकांच्या संसारात वाढलेल्या माणसाला हा उलटा न्याय वाटतो. आपल्याकडे मानधन थोडे असते, उशिरा येते, कित्येकदा येतही नाही. पण ते संपादकाने लेखकास द्यावयाचे असते ही समजूत तरी कायम आहे. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणाऱ्या कवीकडे आपण जरा दयेने पाहतो. तेव्हा जेथे प्रत्येक लेखक पैसे भरून छापला जातो त्या मासिकाची प्रतिष्ठा कशावर उभी असते, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर मला अपेक्षेहून चांगले मिळाले, आणि अपेक्षेहून वाईटही.

आधी चांगले सांगतो.

या मासिकाला अंक नाहीत. वर्षाचा एक खंड, आणि लेख तयार होईल तसतसा त्याला क्रमांक देऊन प्रसिद्ध करावयाचा. त्यामुळे पाने भरण्यासाठी लेख घेणे नाही आणि पाने संपली म्हणून लेख कापणेही नाही. दिवाळी अंकाच्या संपादकाला यातील सुख वेगळे सांगावयास नको! लेखाची रचना मात्र कडक आहे. आरंभी सारांश, आणि त्याचे चार कप्पे: पार्श्वभूमी, पद्धती, फलित, निष्कर्ष. शेवटी प्रतिज्ञापनांची एक मालिका. नीतिसमितीची संमती कोणाची घेतली, मूळ आकडे कोठे पाहावयास मिळतील, पैसा कोणी पुरविला, कोणाचा कोठे हितसंबंध गुंतला आहे, आणि अनेक लेखकांपैकी कोणी नेमके काय केले. ही शेवटची नोंद मला फार आवडली. आपल्या संपादित ग्रंथांच्या मुखपृष्ठावर जी नावे झळकतात त्यांच्यापुढे 'यांनी काय केले' असा एक रकाना ठेवला तर किती नावे उरतील?

दुसरे असे की, हे मासिक ज्या कुटुंबातले आहे त्याची लेख स्वीकारण्याची कसोटी निराळी आहे. संशोधन शास्त्रीय दृष्ट्या पक्के आहे काय एवढेच पाहावयाचे. ते खळबळजनक आहे काय हे पाहावयाचे नाही. आपण करीत असलेला उपचार निष्फळ ठरला असे सांगणारा लेखही येथे बसू शकतो. इतकेच काय, प्रयोग करण्याआधी त्याचा आराखडा प्रसिद्ध करण्याचीही सोय आहे. म्हणजे मागाहून मनाजोगे फलित निघाले नाही म्हणून प्रश्नच बदलून टाकण्याची पळवाट अरुंद होते. वाङ्मयात अशी सोय असती तर कित्येक प्रस्तावना वाचवत नाहीत असे झाले असते.

वार्धक्याच्या बाबतीत या साधेपणाचे मोल फार मोठे आहे. म्हातारपणात चमत्कार थोडे आणि तपशील पुष्कळ असतात. नवे औषध शोधल्याची वार्ता सर्वत्र होते. पण रात्री उठताना दिवा लावावा, एकमेकांशी न जमणाऱ्या गोळ्या कमी कराव्यात, तोल सावरण्याचा व्यायाम रोज करावा, असल्या गोष्टींना कोण मथळा देणार? तरी माणसे वाचतात ती बहुधा अशाच गोष्टींनी. पडण्याविषयीच्या प्रयोगांचा कोक्रेन या संस्थेने 2019 साली जो एकत्रित आढावा काढला त्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटल्याचे दिसते. ही टक्केवारी कोणाच्या स्वप्नात येणार नाही. पण ज्या घरात म्हातारे माणूस एकदा पडले आहे त्या घराला तिचा अर्थ कळतो.

आता या मासिकाचा जो गुण मला सर्वांत मोठा वाटला त्याकडे वळतो. लेख छापण्यापूर्वी तो त्याच विषयाच्या दोनतीन जाणकारांकडे तपासण्यास जातो. ही पद्धत सर्वत्र आहे. सर्वसाधारण रिवाज असा की तपासणारा पडद्याआड असतो. त्याने काय लिहिले ते फक्त संपादक आणि लेखक जाणतात. 'बीएमसी जेरिॲट्रिक्स'ने आरंभापासून दीर्घकाळ हा पडदा दूर ठेवला. तपासणाऱ्याचे नाव, त्याचा अभिप्राय, लेखकाने त्यास दिलेले उत्तर आणि लेखाचा आधीचा खर्डा, हे सारे प्रसिद्ध लेखाच्या सोबत वाचकाला पाहावयास ठेवले.

भाचीने पाठविलेला लेख वाचून झाल्यावर मी या अभिप्रायांच्या मागे लागलो, आणि खरे सांगतो, लेखांपेक्षा त्यांतच अधिक रमलो. 'सत्यकथे'च्या काळी श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना लिहिलेल्या पत्रांविषयी आपण अजून आदराने बोलतो. ती पत्रे त्या त्या लेखकाच्या पेटीत राहिली. त्यांतली थोडीच पुढे उजेडात आली. येथे मात्र पुष्कळ लेखांची ती पत्रे लेखाला चिकटवूनच ठेवली आहेत. तपासणारे काय विचारतात? मध्येच प्रयोग सोडून गेलेल्या माणसांचे पुढे काय झाले? ज्यांना चालताच येत नाही त्यांना वगळून तुम्ही सगळ्या म्हाताऱ्यांविषयी कसे बोलता? दोन गोष्टी बरोबरीने आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे तुम्ही कसे म्हणता? लेखक कधी नम्रपणे मान्य करतो, कधी हट्टाने नाकारतो, कधी शेवटच्या परिच्छेदात 'या अभ्यासाच्या मर्यादा' म्हणून चार ओळी घालून सुटका करून घेतो. विज्ञान म्हणजे काय हे शाळेच्या पुस्तकातून मला जेवढे कळले नव्हते तेवढे या भांडणांतून कळले.

या मोकळेपणाने तपासणीचा दर्जा वाढतो काय? 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने याची परीक्षा घेऊन 1999 साली तिचे फलित प्रसिद्ध केले. नाव उघड होणार असे सांगितल्याने अभिप्रायाच्या दर्जात विशेष फरक पडला नाही. मात्र तपासण्यास नकार देणाऱ्यांची संख्या वाढली. तेव्हा यामुळे तपासणारे अधिक शहाणे होतात असा दावा मी करणार नाही. लाभ वाचकाचा आहे. निकाल कसा लागला ते त्याला दिसते. अर्थात् दिसते ते स्वीकारलेल्या लेखांचेच. नाकारलेल्या लेखांची पत्रे येथेही पेटीतच राहतात. जमलेल्या लग्नांचे फोटो लावावेत आणि मोडलेल्यांची वाच्यता करू नये, असा हा प्रकार आहे.

आता वाईट.

दार उघडे ठेवले म्हणजे चोर येत नाहीत असे नाही. लेखकाने आपला लेख तपासण्यासाठी जाणकारांची नावे सुचवावीत अशी सवलत पुष्कळ नियतकालिके देत. काही लेखकांनी, आणि लेखकांच्या वतीने काम करणाऱ्या दलालांनी, खऱ्या पंडितांच्या नावाने खोटे पत्ते तयार केले. त्या पत्त्यावर गेलेला लेख त्यांच्याकडेच परत येई आणि ते स्वतःच्याच लेखावर अनुकूल अभिप्राय लिहीत. बायोमेड सेंट्रलने 2015 च्या मार्चमध्ये आपल्या निरनिराळ्या नियतकालिकांतून असे 43 लेख मागे घेतले. चूक संस्थेने स्वतः शोधली आणि स्वतः जाहीर केली, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण मला त्यातून एक बोध झाला. अभिप्राय उघड ठेवणे वेगळे आणि तो लिहिणारा माणूस खरा आहे याची खातरजमा करणे वेगळे. संपादकाला माणसे ओळखता यावी लागतात. कोणतीही यंत्रणा त्याच्या वतीने ते करीत नाही.

हा दोष एका संस्थेपुरता असता तर मी तो येथे उगाळला नसता. त्याचे मूळ या पद्धतीच्या अर्थकारणात आहे. वर्गणीवर चालणाऱ्या मासिकाला वाईट लेख छापून लाभ नसतो, वाचक दुरावतो. जेथे प्रत्येक स्वीकृत लेखामागे पैसे मिळतात तेथे 'नाही' म्हणणे खर्चाचे आणि 'होय' म्हणणे प्राप्तीचे होते. 2013 साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक धडधडीत सदोष बनावट लेख रचून 304 मुक्त नियतकालिकांकडे पाठविला. 157 जणांनी तो स्वीकारला. पुढे 'वाइली' या बड्या प्रकाशकाला आपल्या 'हिंदावी' शाखेचे आठ हजारांहून अधिक लेख एका 2023 सालात मागे घ्यावे लागले, आणि ते नावच मोडीत काढावे लागले. या पंक्तीत 'बीएमसी जेरिॲट्रिक्स'ला बसविणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या वाऱ्याने शेजारची झाडे उन्मळली तोच वारा याच्याही अंगणात वाहतो, हे विसरता येत नाही. पहिल्या वर्षांत ज्याचे लेख अगदी थोडे असत ते मासिक आता वर्षाला शेकड्यांनी लेख देते. एका ठिकाणी नाकारलेला लेख त्याच घराण्यातील दुसऱ्या मासिकाकडे वळविण्याची सोय आहे. म्हणजे 'साभार परत' ऐवजी 'साभार पुढे'. यात लेखकाचा वेळ वाचतो हे खरे. घराण्याचे उत्पन्न घराण्यात राहते हेही खरे.

शिवाय घराणे आता ते राहिलेले नाही. बायोमेड सेंट्रल 2008 साली श्प्रिंगर या प्रकाशकाने विकत घेतले. 2015 मध्ये 'नेचर'वाल्यांशी संयोग होऊन 'श्प्रिंगर नेचर' झाले. आणि 2024 च्या ऑक्टोबरात त्याचे समभाग फ्रँकफुर्टच्या बाजारात आले. बंडखोर म्हणून निघालेला मुलगा अखेर वडिलांच्याच पेढीवर बसला. 500 डॉलरने सुरू झालेले शुल्कही वाढत जाऊन दोन हजार डॉलरच्या पलीकडे गेले आहे. आपल्या पैशात हे दीड लाखाच्या वर जातात. अत्यंत गरीब देशांतील लेखकांना शुल्क माफ असते, ही चांगली प्रथा. पण भारताचा एकूण पसारा मोठा, म्हणून पुष्कळ प्रकाशकांच्या आपोआप मिळणाऱ्या सवलतीतून तो बाहेर पडतो. देश मोठा असला तरी जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या डॉक्टरचा खिसा मोठा होत नाही! ज्याने आयुष्यभर म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे गुडघे पाहिले त्याचा अनुभव दीड लाखाच्या अभावी जगापुढे येऊ नये, आणि ज्याला अनुदान आहे त्याचा यावा, हा न्याय मला मान्य नाही. पूर्वी वाचकाच्या दारावर पहारा होता. तो उठवून लेखकाच्या दारावर बसविला, इतकाच बदल झाला असेल तर उत्सव कसला करावयाचा?

यावर असे म्हणता येईल की सरकारने वर्गणी भरावी म्हणजे प्रश्न मिटला. 2024 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे 13 हजार नियतकालिके. सरकारी विद्यापीठांतील आणि संशोधनसंस्थांतील विद्यार्थ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे. पण माझी भाची अशा कोणत्याही संस्थेत नाही. ती दोन खोल्यांच्या दवाखान्यात लोकांचे खांदे सोडवते. तिच्यासाठी उघडे दार तेच खरे दार. म्हणून या मासिकाची मूळ कल्पना मला अजून पटते. मतभेद आहे तो बिल कोणाच्या नावाने फाडावे यावर.

तिसरी वाट नाही असे नाही. परळच्या केईएम रुग्णालयातून आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून 1955 पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' निघते. ते तेथील अध्यापकांच्या संस्थेचे. या मासिकाने दीर्घकाळ लेखकाकडून शुल्क न घेता संगणकावर सर्वांना मोफत वाचू दिले. ब्राझीलने 1997-98 पासून 'सायेलो' या नावाने आपली शेकडो नियतकालिके सार्वजनिक पैशावर अशीच खुली केली. यात वैभव नाही, समभाग नाहीत. अध्यापकाने संध्याकाळी उरलेल्या वेळात मुद्रिते तपासावयाची असतात. मराठी नियतकालिके शतकभर याच रीतीने चालली हे आपणास सांगावयास नको.

एवढे झाल्यावर उरतो तो वाचक. आणि येथे माझी तक्रार प्रकाशकापेक्षा आपल्याकडे अधिक वळते.

मुंबईला देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने 2017-18 मध्ये भारतभर वार्धक्याची एक प्रचंड पाहणी केली. पंचेचाळीस वर्षांवरील माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून अधिक जण. त्यांतील 31 हजारांवर साठीच्या पुढची. पाहणी करणारे घरोघर गेले. त्यांनी म्हाताऱ्यांच्या हाताची पकड मोजली, चालण्याचा वेग मोजला, शब्द ऐकवून ते आठवावयास सांगितले, रात्री झोप लागते काय आणि एकटे वाटते काय हे विचारले. हे सारे त्यांच्या त्यांच्या भाषेत. या पाहणीच्या आकड्यांवर आधारलेले लेख 'बीएमसी जेरिॲट्रिक्स'मध्ये वारंवार दिसतात. म्हणजे पाहा, आपल्या एखाद्या खेड्यातील आजीने ओसरीवर बसून मराठीत दिलेले उत्तर देवनारला गेले, तेथे त्याचा आकडा झाला, आकड्याचे इंग्रजी झाले, ते लंडनच्या मासिकात प्रसिद्ध झाले, आणि आता ते साऱ्या जगास विनामूल्य उपलब्ध आहे. फक्त त्या आजीस नाही. तिच्या नातवालाही नाही. कारण त्याला इंग्रजी येत असले तरी ते इंग्रजी येत नाही.

यात मासिकाचा दोष किती? त्याने आपल्यापरीने शेवटची कडीही काढून ठेवली आहे. यांतील पुष्कळ लेख ज्या परवान्याखाली प्रसिद्ध झाले आहेत त्यात असे म्हटले आहे की मूळ लेखकाचा आणि लेखाचा निर्देश करून, काय बदल केला ते सांगून, कोणीही त्याची नक्कल करावी, भाषांतर करावे, छापावे, विकावेही. परवानगीचे पत्र नको, स्वामित्वधन नको. मराठी प्रकाशकाला परकीय पुस्तकाच्या हक्कांसाठी किती खेटे घालावे लागतात हे जो जाणतो त्याला हा मजकूर वाचून आपले डोळे चोळावे लागतील. दार उघडे आहे, आतला माल न्या म्हणून पाटी आहे, आणि आपण दाराशी उभे राहून 'मराठीत शास्त्रीय वाङ्मय नाही' असे परिसंवाद भरवीत आहोत.

मी भाषांतरकार नाही. पण आईसाठी त्या लेखाची दोन पाने मराठीत करावयास बसलो. पहिल्याच वाक्याला अडलो. पडण्याला शास्त्रीय शब्द म्हणून मी 'पतन' लिहिले आणि तिला वाचून दाखविले.

आई म्हणाली, "पतन कसलं? माझी काय अब्रू गेली का? सरळ 'पडणं' लिही की."

पुढे एक कल्पना होती: एकदा पडल्यावर पुन्हा पडू या भीतीनेच माणूस हिंडणे सोडते, त्यामुळे पाय आणखी दुबळे होतात, आणि पडण्याचा संभव वाढतो. ही भीती मोजण्यासाठी तज्ज्ञांनी सोळा प्रश्नांची एक पट्टी केली आहे. अंघोळ करताना, जिना चढताना, टेलिफोन थांबण्यापूर्वी तो घेण्यास जाताना, निसरड्यावरून चालताना, समारंभास जाताना, पडण्याची किती चिंता वाटते? मी 'पतनभय' हा शब्द मोठ्या अभिमानाने खोडून 'पडण्याची भीती' केले होते. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भीती नाही रे. भीती त्या क्षणी वाटते. ही धास्ती. ती बसूनच असते."

मी शब्द बदलला. माझ्या पन्नास वर्षांच्या लेखनात इतका नेमका अभिप्राय मला क्वचितच मिळाला असेल. मग आम्ही ते सोळा प्रश्न एकेक करून घेतले. टेलिफोनच्या प्रश्नाला ती हसली, जिन्याच्या प्रश्नाला हसली नाही. भजनाचा विषय निघाल्यावर तिने खिडकीकडे पाहिले. गेले तीन महिने आम्ही घरातले सगळे तिला 'आता जपून राहा, हिंडू नकोस' असे प्रेमाने बजावीत होतो. तेच प्रेम तिचे पाय दुबळे करीत होते, हे मला त्या दुपारी कळले. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन मी झोपेच्या गोळीविषयी विचारले. त्यांनी ती हळूहळू कमी करीत आणली. घाईघाईच्या भेटीत आधी कोणी विचारलेच नव्हते, आम्हीही नाही. भाची रोज सकाळी मोबाइलवर व्यायाम घेते. आई स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून एका पायावर उभी राहते आणि मोठ्याने आकडे मोजते. घटस्थापनेला ती कठडा धरून एक मजला उतरली. खाली भजन चालू होते.

समीक्षकाने शेवटी निवाडा द्यावा असा संकेत आहे. तो देतो. 'बीएमसी जेरिॲट्रिक्स'चे संपादन मला प्रामाणिक वाटते. त्याने आपले भांडण चव्हाट्यावर मांडण्याचे जे धैर्य दाखविले ते आमच्या वाङ्मयीन नियतकालिकांनी शिकण्यासारखे आहे. त्याचे अर्थकारण मला संशयास्पद वाटते. जेथे होकाराला किंमत मिळते तेथे नकाराचा पहारेकरी दुप्पट जागा हवा, आणि ज्याच्याकडे अनुभव आहे पण पैसा नाही त्याच्यासाठी दुसरे दार हवे. आणि त्याचे वाचकभान अपुरे आहे. पण ते पुरे करण्याचे काम त्याने नाही, आपण करावयाचे आहे.

पुढील वर्षाच्या दिवाळी अंकांच्या संपादकांस एक सूचना करून थांबतो. राशिभविष्याला जेवढी पाने देता त्यांतील चारच पाने द्या. असा एखादा पक्का, तपासलेला, परवान्याने मोकळा झालेला लेख घ्या आणि चांगल्या मराठीत आणा. मूळ लेखकाचे नाव द्या, कोठून घेतला ते सांगा. मात्र छापण्यापूर्वी तो घरातील सर्वांत वडील माणसाला एकदा वाचून दाखवा. त्याचा अभिप्राय आला, की मगच मुद्रणालयाकडे पाठवा.